लेसिक, पीआरके, स्माईल की आयसीएल? दोन डोळ्यांचा हिशेब

चष्म्याचा नंबर घालवण्याच्या या चार शस्त्रक्रियांपैकी कोणती जमेल, हे बघायला मे महिन्यात मी आणि माझी मावसबहीण एकाच दिवशी तपासणीला गेलो. ती ठाण्यातल्या नौपाड्याची, मी नवी मुंबईतल्या ऐरोलीचा. माझा नंबर उणे ४.५, कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची) जाडी ५४५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. तिचा नंबर उणे ८, जाडी ४८८. इथेच आमच्या वाटा वेगळ्या झाल्या.

लेसिकमध्ये आधी सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात, मग एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन लेसरने उडवतात. माझे ६३ गेले तरी ३७२ उरतात. तिचे ११२ गेले की उरतात २६६. किमान मर्यादा २५० धरली जाते, पण बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला राजी नसतात.

पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो, त्यामुळे जाडी वाचते. पण तीन-चार दिवस डोळा चांगलाच चुरचुरतो, नजर बसायला काही आठवडे लागतात आणि मोठ्या नंबराला डाग राहण्याची भीती असते. स्माईलमध्ये पापुद्रा न उचलता कॉर्नियाच्या आतली पातळ चकती काढतात. त्याची चीर अगदी लहान, कोरडेपणाही सहसा कमी. आयसीएलमध्ये कॉर्निया पातळ करावाच लागत नाही. बाहुलीच्या मागे लेन्स बसवतात. बहिणीसाठी मला हाच बरा वाटला. मात्र डोळ्याच्या आत पुरेशी जागा लागते, आणि खर्चही सगळ्यांत जास्त.

कॉर्निया शंकूसारखा फुगत असेल तर जाडी कितीही असो, लेसिक आणि स्माईल बाद. हे टोपोग्राफीतच, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशातच दिसतं, चष्म्याच्या दुकानातल्या मोफत तपासणीत नाही. तिथे कळतो तो फक्त नंबर. पूर्ण तपासणीला दोन-तीन तास धरा. सॉफ्ट लेन्स वापरत असाल तर आठवडा-दोन आठवडे आधी बंद करा, हार्ड असतील तर त्याहून आधी. डोळ्याच्या आतला मागचा पडदा बघायला बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स टाकतात, तेव्हा बाईक घरीच ठेवा. मी ठाण्याहून वाशी लोकल पकडली आणि उन्हात डोळे मिचकावत इंडिकेटर शेजारच्या काकांकडून वाचून घेतला.

निकाल? बहिणीचा नंबर वर्षभरात पाऊणने वाढलेला, म्हणजे अजून स्थिर नाही, म्हणून तिला पुढच्या वर्षी बोलावलंय. आकड्यांत पास झालेला मी अश्रूंच्या चाचणीत अडकलो. पाच मिनिटांत कागदाची पट्टी जेमतेम ६ मिलिमीटर भिजली. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसतो, दुसरं काय होणार! सध्या दोन महिने ड्रॉप्स, मग पुन्हा पट्टी.