सीआरएस पोर्टल: दाखला चटकन मिळतो, मृत्यूच्या कारणाची मात्र आबाळ

जन्म-मृत्यू नोंदणीचं केंद्र सरकारचं सीआरएस पोर्टल वापरायला अवघड नाही. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करायचं, माहिती भरायची, कागद जोडायचे. निबंधकाने, म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याने, मंजुरी दिली की क्यूआर कोड असलेला दाखला डाउनलोड होतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या 2023च्या दुरुस्तीनुसार नोंद झाल्यापासून सात दिवसांत पहिला दाखला मोफत द्यावाच लागतो.

सगळ्यात जास्त घोळ ठिकाणाचा होतो. घटना जिथे घडली, नोंद तिथेच. सासर साताऱ्याचं आणि बाळंतपण कोल्हापूरला झालं, तर साताऱ्यात कितीही शोधलं तरी नोंद सापडणार नाही. रुग्णालयातल्या जन्माची माहिती रुग्णालयच कळवतं, त्यामुळे डिस्चार्जच्या आधी आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून घ्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा ठेवून नोंद करा. 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नोंद झाल्यावर चूक सापडली तर याच कायद्याच्या कलम 15 खाली पुराव्यासह अर्ज करावा लागतो. मूळ मजकूर खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारखेनिशी सही करतो.

जन्म किंवा मृत्यू कळवायची मुदत 21 दिवसांची. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी, त्यापुढे दंडाधिकाऱ्यांचा आदेश. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, लायसन्स, मतदार यादी या सगळ्याला जन्मदाखलाच लागणार आहे, तेव्हा चालढकल नकोच.

खरी कमजोरी मृत्यूच्या नोंदीत आहे, आणि ती सॉफ्टवेअरने सुटणारी नाही. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र म्हणून दवाखान्यातल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना 4 भरतात, घरी झालेल्या मृत्यूसाठी 4अ. त्यात भाग एकमध्ये कारणांची साखळी लिहायची असते: (अ) रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, (ब) पायाचं गँगरीन, (क) मधुमेह. शेजारी प्रत्येक आजार किती दिवसांचा हेही लिहायचं. आकडेवारीसाठी सगळ्यात खालच्या ओळीतलं मूळ कारण धरतात. घाईत नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढंच लिहिलं, की मधुमेहाचा तो बळी हिशेबातून गायब. मरताना हृदय सगळ्यांचंच थांबतं. आरोग्य खात्याला त्यातून काय कळणार? 2020 साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी 22.5 टक्क्यांचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. उरलेल्यांच्या बाबतीत कुठल्या तालुक्यात क्षय वाढतोय, कुठे किडनीचे आजार, हे या नोंदींवरून सांगताच येत नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापत नाहीत, त्यामुळे नातेवाईक तिकडे बघतही नाहीत. पण कारणाच्या या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला मोफत देणं आता रुग्णालयाला, मग ते खासगी असो वा सरकारी, बंधनकारक आहे. ती मागून घ्या, आणि जुना आजार त्यात लिहिलेला नसेल तर फाईल दाखवून डॉक्टरांना तिथेच विचारा.