मिनिएटुर वुंडरलँड, हॅम्बुर्ग: एका निवृत्त सेक्शन कंट्रोलरचा अभिप्राय

सेक्शन कंट्रोलर म्हणजे रेल्वेच्या एका टप्प्यातली कुठली गाडी आधी जाईल, कुठली थांबेल हे ठरवणारा माणूस. त्याला गाडी दिसत नाही. त्याच्यापुढे चार्ट असतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं. स्टेशन मास्तर फोनवर गाडी सुटल्याची, पोचल्याची वेळ देतो आणि कंट्रोलर पेन्सिलीने तिरपी रेघ ओढतो. रेघ जितकी उभट, तितकी गाडी जोरात. एक रेघ मध्येच आडवी पडली आणि दुसरी तिला छेदून पुढे गेली, म्हणजे पहिल्या गाडीला लूपवर, बाजूच्या रुळावर घेतलं. मी मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात हे काम करत निवृत्त झालो. कर्जतला मागून बँकर, म्हणजे घाटात जोर लावणारी जादा इंजिनं लागली, गाडी घाट चढायला लागली, हे सगळं मला ऐकून माहीत. त्या वेळी फलाटावर कोण उभं होतं, पाऊस किती होता, पोर्टर काय करत होता, हे रेघेत येत नाही.

हे आधी सांगतोय, कारण हॅम्बुर्गच्या मिनिएटुर वुंडरलँडबद्दल मी जे लिहिणार आहे ते या नजरेने बघितलेलं आहे. लेक जर्मनीत असते. नातवासाठी म्हणून आम्ही गेलो, आणि तिथून निघायला सगळ्यात नाखूश मीच होतो.

ही जगातली सर्वांत मोठी मॉडेल रेल्वे. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी ती उभी केली. आधी ते डिस्को चालवत. फ्रेडरिकना 2000 साली झुरिकमध्ये मॉडेल रेल्वेचं एक दुकान दिसलं, लहानपणचं वेड परत जागं झालं, आणि 16 ऑगस्ट 2001 ला हे ठिकाण लोकांसाठी उघडलंसुद्धा. जागा श्पायशरश्टाट्टमध्ये, म्हणजे हॅम्बुर्ग बंदराच्या जुन्या गोदामांच्या वस्तीत. लाल विटांच्या उंच इमारती, मधून कालवे. तेव्हापासून बांधकाम थांबलेलंच नाही. आज सुमारे 16 किलोमीटर रूळ आणि हजाराहून अधिक गाड्या आहेत.

प्रमाण 1:87. एक मीटर 74 सेंटिमीटर उंचीचा माणूस इथे बरोबर 2 सेंटिमीटरचा होतो. ऐकायला हे सोपं वाटतं, पण रेल्वेवाल्याने हिशेब मांडला की अडचण कळते. आपली 24 डब्यांची एक्सप्रेस या प्रमाणात सहा मीटरांच्या वर जाते. दोन स्टेशनांमधलं एक किलोमीटर अंतर साडेअकरा मीटर होतं. मॅटरहॉर्न खरा 4478 मीटरांचा, तो नेमक्या मापात केला तर 51 मीटरांचा होईल. इथे तो सुमारे सहा मीटरांचा आहे आणि त्यासाठी मजला फोडून दोन मजले एक केलेत. तेव्हा गाडी मापात, माणूस मापात, आणि निसर्ग मात्र आखडलेला. तरीही डोळ्याला कुठे खटकत नाही, याचं उत्तर शोधण्यात माझा बराच वेळ गेला.

मला सापडलेलं उत्तर असं. गाडी पूर्ण कधीच दिसू देत नाहीत. ती बोगद्यातून निघते, दरीवरून जाते, कड्याआड वळते, आणि शेवटचा डबा बाहेर येतो तोवर इंजिन दुसरीकडे दिसेनासं झालेलं असतं. मधल्या वेळात ती डोंगराच्या पोटातल्या चक्राकार रुळांवरून वर किंवा खाली जाते, किंवा खालच्या लपवलेल्या यार्डात थांबते. बघणाऱ्याला वाटतं, गाडी दूरच्या गावाला गेली. अंतर त्यांनी जमिनीवर दाखवलेलंच नाही. ते वाट बघायला लावून आपल्या मनात तयार केलंय.

स्वित्झर्लंडच्या भागात लांडवासर पूल आहे. तिथे मी सगळ्यात जास्त थांबलो. खरा पूल अल्बुला मार्गावर, 65 मीटर उंच, सहा कमानींचा. वळणातच गाडी पूल ओलांडते आणि थेट उभ्या कड्यातल्या बोगद्यात शिरते. त्या मार्गावरचा चढ हजाराला 35 पर्यंत, म्हणजे हजार मीटर अंतरात 35 मीटर उंची, इतका जातो. आमच्या बोरघाटात 37 ला 1, म्हणजे हजाराला 27. तिथे मीटर गेज आणि आखूड गाड्या आहेत, आपल्याकडे ब्रॉड गेज आणि मागून जोर लावणारे बँकर. दोन्हींची तुलना बरोबरीची नाही हे मला माहीत आहे. पण लाल गाडी त्या कमानींवर आली तेव्हा बोरघाटातल्या मंकी हिलच्या बाजूचे आपले पूल आणि बोगदे पहिल्यांदा मला बाहेरून दिसल्यासारखे झाले. इतकी वर्षं त्या भागातल्या गाड्या मी मिनिटांत मोजल्या होत्या.

नातवाला हे सगळं सांगत होतो. तो म्हणाला, "आजोबा, तिकडे बटण आहे." आणि हात धरून मला घेऊन गेला.

बटणांबद्दल सविस्तर लिहायला हवं. कठड्याला ठिकठिकाणी बटणं आहेत आणि ती कुणीही दाबावीत. दाबलं की समोरच्या देखाव्यातलं काहीतरी हलतं. स्वित्झर्लंडमध्ये चॉकलेटचा कारखाना आहे. बटण दाबल्यावर आतली यंत्रं चालतात आणि खरोखरचं चॉकलेट हातात येतं. तिथे मुलांची रांग असते. हॅम्बुर्गच्या भागात एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह आहे. त्याची इमारत उघडते आणि आत वाद्यवृंद बसलेला दिसतो. मला यात आवडलं ते असं, की देखावा काचेत बंद केलेला नाही. ज्याने तो बनवला त्याने त्यातला एक भाग अनोळखी माणसाच्या बोटावर सोपवलाय. बारा वर्षांचं पोरगं आणि सत्तरीतला माणूस शेजारी उभे राहून एकाच बटणाची वाट बघतात आणि भाषा येत नसताना एकमेकांना "तिकडे बघा" असं खुणेने दाखवतात. मी एका जर्मन आजींना गुरांचा गोठा दाखवला. त्यांनी मला सूर्यफुलांचं शेत दाखवलं. शेतात एक प्रेमी जोडपं लपलेलं आहे. आजी खूप हसल्या.

आता देखाव्यांकडे. दर पंधरा मिनिटांनी इथे एक दिवस पूर्ण होतो. उजेड उतरतो, संध्याकाळ होते, रात्र पडते, पुन्हा उजाडतं. रात्र झाली की प्रत्येक घराचं आतलं जग दिसायला लागतं. खिडक्या एकदम पेटत नाहीत. इकडे एक, तिकडे एक. माझा सल्ला असा की कुठल्याही एका जागी निदान एक पूर्ण दिवस उभं राहावं. दिवसा बघितलेला कोपरा रात्री वेगळा असतो. पुढे पुढे सरकणाऱ्या गर्दीला अर्धंच दिसतं.

क्नुफिंगेन हे काल्पनिक गाव सगळ्यात जुन्या भागात आहे. तिथे कुठेतरी आग लागते आणि अग्निशमन केंद्रातून बंब एकामागून एक निघतात, निळे दिवे लुकलुकत. रस्त्यात तार पुरलेली आहे आणि गाडीच्या पुढच्या चाकांना जोडलेलं चुंबक त्या तारेमागे जातं. कुठली गाडी कुठे थांबेल, कुठे वळेल, हे संगणक ठरवतो. बॅटरी उतरली की गाडी आपली आपण चार्जिंगला जाते. मोनॅकोचा भाग 2024 मध्ये उघडला. तिथे शर्यतीच्या मोटारी रस्त्याखालच्या चुंबकीय रचनेवर धावतात आणि एकमेकींना मागे टाकतात. तंत्र म्हणून ते थक्क करणारं आहे. तरी मला स्वतःला क्नुफिंगेनचे बंबच जास्त भावले. तिथे धावण्याला कारण आहे.

हे "कारण" मला सगळीकडे दिसत होतं आणि चांगल्या देखाव्याची खूण हीच असं माझं मत झालंय. एका जागी रुळांवर दुरुस्तीची टोळी काम करत होती. नारिंगी जाकिटं, खाली वाकलेली माणसं. त्यांच्यापासून थोडं दूर एकजण सरळ उभा, तोंड गाडी येईल त्या दिशेला. तो लुकआउट आहे. गाडी आली की इशारा द्यायचा, हे त्याचं काम. ज्याने ती दोन सेंटिमीटरची बाहुली त्या तोंडाने चिकटवली, त्याला रुळांवर काम कसं चालतं हे ठाऊक होतं. बघणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या ते लक्षात येणार नाही. तरी त्याने केलं. मी लेकीला तिथे नेऊन दाखवलं आणि तिला आमच्या खात्यातल्या त्या माणसाचं काम समजावून सांगितलं. लहानपणापासून तिने माझी शिफ्ट ड्युटी पाहिली, पण या गोष्टी घरी कधी बोलल्या गेल्या नव्हत्या.

स्कँडिनेव्हियाच्या भागात 30,000 लिटर खरं पाणी आहे, त्यात जहाजं चालतात, भरती-ओहोटी होते. लोकांना हे फार आवडतं. माझं मत थोडं वेगळं आहे. लाकूड, दगड, गवत छोटं करता येतं, पाणी नाही. थेंब तेवढाच राहतो, लाट तेवढीच राहते. जहाज जवळ आलं की समुद्राचा हौद होतो. मॉडेलवाले रेझिन ओतून जे स्थिर पाणी करतात, ते मापात जास्त खरं वाटतं. पण त्याच भागात स्वीडनमधल्या किरुनाची लोखंडाची खाण आहे आणि बर्फातून निघणाऱ्या खनिजाच्या गाड्या आहेत. मालगाडी कशाची आहे, कुठून भरली, कुठे चाललीय, हे समजतं. त्या कोपऱ्याला पैकीच्या पैकी.

विमानतळावर सगळ्यात जास्त गर्दी. हॅम्बुर्गच्या विमानतळावर बेतलेला हा भाग 2011 मध्ये सहा वर्षांच्या कामानंतर उघडला. विमानं धावपट्टीवर वेग घेतात, बारीक दांड्यांवर उचलली जातात आणि भिंतीत अदृश्य होतात. सुंदर आहे. दोन उड्डाणं बघून मी पुढे गेलो.

बर्लिनच्या फाळणीचे छोटे देखावे मात्र चुकवू नका. ते मोठ्या भागांइतके लखलखीत नाहीत, म्हणून लोक पटकन पुढे जातात. शहराचा तोच तुकडा वेगवेगळ्या काळात दाखवलाय. युद्धानंतरचे ढिगारे, मग 1961 ची भिंत, मग तिच्या दोन बाजूंचं वेगवेगळं होत गेलेलं जगणं, मग 1989. रस्ता तोच, घरं तीच. माणसं कुठे जाऊ शकतात ते तेवढं बदलतं. एका टेबलाएवढ्या जागेत इतकं सांगता येतं हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे कुणी गिरगावातल्या एका चाळीचा किंवा परळच्या गिरणीच्या फाटकाचा असा काळाकाळाचा देखावा करावा. 1982 च्या संपाआधीचं फाटक आणि आजचं.

रिओचा भाग कालव्यावरचा छोटा पूल ओलांडून दुसऱ्या इमारतीत. ब्यूनोस आयर्सच्या मार्टिनेझ कुटुंबासोबत केलेलं हे काम डिसेंबर 2021 मध्ये खुलं झालं. डोंगरावर चढत गेलेली एकावर एक घरं, टाक्या, तारा, दाटी. जर्मनीत बसून मुंबईच्या सर्वांत जवळचं जे मी पाहिलं ते हे.

आणि नियंत्रण कक्ष. तो उघड्यावरच आहे, पडद्यांच्या रांगा आणि समोर बसलेली माणसं. गाडी रुळावरून उतरली की त्यांना कळतं आणि कोणीतरी जाऊन हाताने ती परत चढवतं. नातवाला मी तिथे उभं करून सांगितलं, "हे माझं ऑफिस." त्याने विचारलं, "तुम्हाला इतके टीव्ही होते?" टीव्ही नव्हते. कान होते आणि पेन्सिल होती. तेही सांगितलं.

पुण्याच्या वाचकांना जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे आठवलं असेल. भाऊ जोशींनी एकट्याच्या छंदातून उभं केलेलं ते गाव कोथरूडमध्ये 1 एप्रिल 1998 ला, म्हणजे हॅम्बुर्गच्या तीन वर्षं आधी खुलं झालं. प्रमाणही तेच, 1:87. तिथे सगळे एकत्र उभे राहतात, दिवे मंदावतात आणि आख्खं गाव एका खेळात आपल्यासमोर चालतं. हॅम्बुर्गला ज्याने त्याने आपल्या पायांनी शोधायचं. पसारा आणि पैसा यांत तुलना नाही. पण एका माणसाने सगळी तार स्वतः जोडल्याची जी जवळीक पुण्यात वाटते, ती इमारती भरूनही येईल असं नाही. मुलांना आधी पुण्याचं दाखवा, मग संधी मिळाली तर हे.

जाणाऱ्यांसाठी. तिकीट मोठ्यांना 20 युरोच्या आसपास, आणि ते आधीच ऑनलाइन, प्रवेशाची वेळ ठरवून काढावं. सकाळी उघडल्यावर किंवा संध्याकाळी उशिरा जावं, सुट्टीच्या दिवशी दुपार टाळावी. निदान चार तास हातात ठेवा. यू-3 मेट्रोचं बाउमवाल स्टेशन जवळ पडतं, तिथून चालत. आत खाण्याची सोय आहे. लहान मुलांना कठड्यावरून दिसावं म्हणून जागोजागी पायऱ्या केल्यात. रुळांच्या मागची बाजू दाखवणारी छोट्या गटांची वेगळी फेरी असते, तिचं आरक्षण निराळं करावं लागतं. रेल्वेत काम केलेल्यांनी ती घ्यावीच. आणि शिकायला आलेल्या, हात तंग असलेल्या मुलांसाठी: जानेवारीत ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांना हे लोक फुकट आत सोडतात. खिडकीवर तसं सांगायचं, पुरावा मागत नाहीत.