मास्कचा नियम खोलीला लावावा की वेळेला?

२०२२ च्या १ एप्रिलपासून राज्यातले करोनाचे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला आणि दुसऱ्याच दिवशी पाडवा होता. रस्त्यावरचा प्रश्न त्या दिवशी मिटला. चौकात पाचशे रुपयांची पावती फाडणारे दिसेनासे झाले. बंद दाराआडचा प्रश्न मात्र आपापल्या कार्यकारी मंडळाच्या गळ्यात पडला. वाचनालय, अभ्यासिका, सोसायटीचा हॉल, योगवर्ग, गाण्याचा क्लास, सगळीकडे तोच वाद. त्याच वर्षी जूनमध्ये रुग्णांचे आकडे परत चढायला लागले. बंदिस्त जागांत मास्क वापरा, असं आरोग्य खात्याचं पत्र जिल्ह्यांना गेलं आणि पाठोपाठ ‘ही सक्ती नाही, आवाहन आहे’ असा मंत्र्यांचा खुलासाही झाला. थोडक्यात, ठरवायचं पुन्हा आपणच.

मी नारायण पेठेतल्या एका छोट्या वाचनालयाच्या मंडळावर आहे आणि राहत्या सोसायटीच्याही (पुण्यात एका मंडळावर भागत नाही). त्यामुळे वेगवेगळे नियम लावून झालेत. ओळखीतल्या दोन-तीन संस्थांकडून ‘तुम्ही काय केलंत?’ अशी विचारणा झाली, म्हणून हे लिहितोय.

सरसकट सक्ती आणि सरसकट मोकळीक, या दोन टोकांवर फार वेळ घालवत नाही. सक्तीमागचा सरकारी आदेशच गेला, तेव्हा ती केवळ मंडळाच्या शब्दावर किती टिकणार? मोकळीक आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये दिली. भांडण झालं नाही, तक्रार आली नाही. फक्त भजनी मंडळातल्या आणि योगवर्गातल्या काही जणी हळूहळू यायच्या बंद झाल्या. कुणी विचारलं तर ‘हल्ली जमत नाही हो’ म्हणायच्या. अशी गळती हजेरीपटावर दिसते, सभेच्या इतिवृत्तात येत नाही.

उरतात मधले दोन मार्ग. एक, नियम खोलीला लावायचा: अमुक खोलीत मास्क हवाच, बाकी मोकळं. दुसरा, वेळेला लावायचा: अमुक ते अमुक वेळात सगळ्या वास्तूत मास्क, नंतर ज्याची त्याची मर्जी.

कागदावर खोलीचा नियम सरस आहे, यात वाद नाही. आमच्याकडे पुढची खोली वर्तमानपत्रांची. दार रस्त्यावर उघडं, वर दोन पंखे, माणसं अर्धा तास बसून उठतात. मागे अभ्यासिका. तिथे एसी, बोळाकडची एकच खिडकी, आणि मुलं सकाळी बसली की रात्रीपर्यंत. हा विषाणू नुसत्या शिंकेच्या थेंबांतून नाही, तर श्वासावाटे हवेत तरंगूनही पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही उशिरा का होईना मान्य केलंय. म्हणजे मास्क लागायचाच तर मागच्या खोलीत. एप्रिलमध्ये आम्ही तसंच केलं. पुढे मोकळं, मागे सक्ती. ठराव एकमताने झाला, जे आमच्याकडे सहसा होत नाही.

ठरावाआधी वाद कुणाकुणाचा होता तेही सांगतो, कारण बाहेरच्यांना तो उलटा वाटतो. मास्क नको म्हणणारे आमच्याकडे ज्येष्ठ होते आणि हवा म्हणणारी मुलं. ज्येष्ठांची कारणं हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चष्म्यावर वाफ धरते. समोरचा काय बोलतो ते ओठ दिसल्याशिवाय कळत नाही. आणि मास्क काढताना कानामागचं श्रवणयंत्र त्याच्या इलॅस्टिकबरोबर निघून येतं. एकांचं असंच उडालं, आम्ही सगळे ओणवे होऊन शोधत होतो आणि ते निघालं वर्तमानपत्रांच्या स्टँडखाली. मुलांचं कारण एकच, परीक्षा. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं-पाच जण, जेवण एकाच मेसला. एकाला झालं की सगळ्यांना. यूपीएससीची पूर्वपरीक्षा ५ जूनला होती. तापाने ती हुकली तर वर्ष गेलं. शिवाय लसीचा तिसरा डोस तेव्हा १८ ते ५९ वयाला खासगी केंद्रावर पैसे भरून घ्यावा लागायचा. कोविशिल्ड लसीची किंमत २२५ रुपये झाली तरी सेवाशुल्क आणि कर धरून पावणेचारशेच्या पुढे जायचं, आणि मेसच्या कुपनांचा हिशेब करणारा मुलगा ते सहज काढत नव्हता. लस इथे पुण्यातच हडपसरला बनली, त्याने त्या मुलाचं काय होणार?

सभेत एका जुन्या सभासदांनी १८९७ चा साथरोग कायदा काढला. याच कायद्याचा आधार घेऊन दोन वर्षं आपल्याला दंड केला, आणि गणेशखिंडीत चाफेकरांनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली त्याला येत्या २२ जूनला सव्वाशे वर्षं होतायत, असं ते म्हणाले. इतिहास बरोबर होता. पण प्लेगच्या वेळी सोल्जर घरात शिरत होते, आणि इथे आपण आपल्याच मुलांना तोंड झाका म्हणतोय, हे कुणीतरी हळूच लक्षात आणून दिलं. मग चहा आला.

तर, खोलीचा नियम. तो कशाने मोडला म्हणाल तर विरोधाने नाही, ‘चालतं का?’ या प्रश्नाने. आणि माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

अभ्यासिकेच्या दाराशी आमचे शिपाई मामा बसतात. एरवी त्यांचं काम ओळखपत्र बघायचं आणि दिवे-पंखे सांभाळायचं. नियम झाला आणि ते न्यायाधीश झाले. गाडीवरून उतरलेली मुलगी तोंडाला स्कार्फ गुंडाळून येते. पुण्यात हा स्कार्फ करोनाच्या कितीतरी आधीपासूनचा. ‘मामा, हा चालतो ना?’ नाही म्हणावं तर तिचं नाक-तोंड खोलीतल्या निम्म्या जणांपेक्षा जास्त झाकलेलं. हो म्हणावं, तर मागून एक ज्येष्ठ सभासद उपरणं वर ओढत विचारणार, ‘तिचा स्कार्फ चालतो, मग माझं उपरणं का नाही?’ मग कुणाचा रुमाल. कुणाचा झडपेचा मास्क, ज्यातून बाहेर सोडलेला श्वास गाळलाच जात नाही, पण त्याची किंमत सगळ्यांत जास्त, म्हणून तो घालणारा सगळ्यांत ठाम. कुणाचं इलॅस्टिक तुटलेलं आणि त्याला सेफ्टी पिन. एकदा तर दारातच एकाने आतल्या मित्राला हाक मारली, ‘दोन मिनिटं तुझा दे रे, वही घेऊन येतो,’ आणि मित्राने तोंडावरचा काढून दिलासुद्धा!

आत गेल्यावरचा प्रकार वेगळाच. खाता-पिताना मास्क काढायला मुभा होती. तेव्हा टेबलावर चहाचा कागदी कप ठेवून द्यायची टूम निघाली. कप रिकामा, तळाला चहाचा रंग वाळून चिकटलेला, पण कप टेबलावर आहे तोवर ‘मामा, चहा चालू आहे’. एक कप सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरायचा. मंडळातल्या एकाने ‘मास्क हनुवटीच्या रक्षणासाठी नाही’ अशी पाटी लिहून आणली. पाटीचे फोटो भरपूर निघाले, आणि फोटो काढणाऱ्यांचे मास्क हनुवटीवरच होते.

हे गमतीचं वाटतं, पण मामांना विचारा. त्यांच्या पगारात हे बसत नव्हतं. जे त्यांना ‘अहो मामा’ म्हणायचे ते ‘तुम्हाला काय कळतं’वर आले. मंडळाने ठराव करून हात झटकले आणि त्याचा सगळा वाईटपणा मामांच्या वाट्याला आला. खोलीच्या नियमात हे मुळातच आहे, असं मला वाटतं. अभ्यास करायचा तर त्या खोलीत जावंच लागतं, म्हणजे मास्क नको असलेलाही तिथे येणार आणि पळवाट शोधणार. दारावर कुणीही बसवा.

मे महिन्यात आम्ही नियम वेळेला लावून बघितला. सकाळी सात ते दहा, पुढची-मागची दोन्ही खोल्या, सगळ्यांना मास्क. दहानंतर मर्जी. पहिल्या आठवड्यात मामांनी दोघा-चौघांना परत पाठवलं असेल. त्यानंतर त्या वेळेत ज्यांना मास्क हवा आहे तेच येऊ लागले आणि ज्यांना नको ते दहाला येऊ लागले. स्कार्फ चालतो का, हे कुणी विचारेना, कारण त्या वेळेला येणारी पोरं एन-९५ घालूनच येत होती. मी मोजमाप काही केलेलं नाही. कुणाला कुठे लागण झाली ते आम्हाला कळायला मार्ग नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यालाही नाही. मला दिसलं ते एवढंच, की मामा पुन्हा खुर्चीत टेकून पेपर वाचायला लागले.

वेळ सकाळचीच का, तर हवेमुळे. बंद खोलीतली हवा आधीच्या माणसांचे श्वास धरून ठेवते, ती लगेच बदलत नाही. मास्कची वेळ दुपारी ठेवली तर सकाळभर मोकळ्या तोंडाने बसलेल्यांची हवा मास्कवाल्यांच्या वाट्याला येणार. रात्री अभ्यासिका बंद झाली की मामा बोळाकडची खिडकी आणि मधलं दार उघडं ठेवतात, सकाळी सातला एसी न लावता पंखा. हवा मोजायचं यंत्र घ्यावं अशी सूचना आली होती. मी नाकावर भागवतो. आत शिरल्यावर रात्रीचा घामाचा आणि ओडोमासचा वास आला तर खिडकी उघडी राहिलेली नाही, एवढं नक्की कळतं.

आता याच्या उण्या बाजू. सगळ्यांत मोठी मला अजून टोचते. ज्याला धोका जास्त त्यानेच पहाटे उठून यायचं, आणि धडधाकट माणसाने नऊ वाजता आंघोळ करून आरामात. यात न्याय कुठे आहे? एका मुलाच्या घरी वडील डायलिसिसवर आहेत. त्याने सभेत सरळ विचारलं, ‘दहाला मी उठून कुठे जाऊ?’ त्याला चांगलं उत्तर आमच्याकडे नव्हतं. पुढच्या खोलीत दाराजवळचं टेबल त्याच्यासारख्यांसाठी राखून ठेवलं. नीट बसलेला एन-९५ एकट्याने घातला तरी बऱ्यापैकी काम करतो, हेही सांगितलं. तो येतो. पण ही तडजोड आहे आणि तिचा भार त्याच्यावर जास्त आहे, हे ठराव करणाऱ्याने मनाशी कबूल केलेलं बरं. खोलीच्या नियमात, निदान कागदावर, हा भार सगळ्यांवर सारखा होता.

दुसरी अडचण दहाच्या ठोक्याची. सकाळपासून बसलेला मुलगा जागेवरून हलत नाही, आणि दहा वाजून एक मिनिटाने शेजारच्या खुर्चीत मोकळ्या तोंडाचा येऊन बसतो. आम्ही दहा ते साडेदहा अभ्यासिका झाडायला रिकामी करतो. त्यावरही कुरकुर आहे, पण केर काढायला कोण नाही म्हणणार?

आणि गंमत म्हणजे ५ जूनची परीक्षा झाल्यावर बाजू फिरल्या. मुलांचे मास्क बॅगेत गेले, आणि जूनचे आकडे वाचून ज्येष्ठांपैकी काही जण सकाळी सातला मास्क लावून यायला लागले, श्रवणयंत्र आधी खिशात ठेवून. वेळेच्या नियमाला हे सोसलं. खोलीचा असता तर पुन्हा सभा, पुन्हा ठराव, पुन्हा पाटी.

तरी तुमच्याकडे दवाखान्याची खोली असेल, केमोवरची, डायलिसिसवरची माणसं रोज बसत असतील, तर माझं ऐकू नका. तिथे खोलीचाच नियम हवा, आणि दारावर शिपाई नको, डॉक्टर किंवा नर्स हवी, म्हणजे ‘चालतं का’ला उत्तर मिळेल. लहान मुलांच्या वर्गांचंही वेगळं. जून २०२२ मध्ये तरी बाराच्या आतल्यांना लस मिळत नव्हती, म्हणून तिथे पालकांशी बोलून ठरवा. गाण्याच्या क्लासला दोन्ही नियम निरुपयोगी. मास्क घालून तान घेता येत नाही, तेव्हा गच्चीवर बसा.

बाकी वाचनालय, अभ्यासिका, सोसायटीचा हॉल यांना मी भीत भीत का होईना, वेळेचा नियम सुचवेन. सोसायटीत पुढच्या महिन्यापासून योगवर्गाची सकाळची पहिली तुकडी मास्कची करतोय. गळालेल्या बायकांपैकी दोघींनी नाव दिलंय, योगशिक्षकांचं मात्र प्राणायामाचं काय करायचं यावर अजून ठरलेलं नाही.

लिफ्टला हे लागू होत नाही, तिला वेळ लावून चालणार नाही. तिथे आम्ही एवढंच केलंय, की एखाद्याने ‘तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो’ म्हटलं तर त्याला ‘अहो या ना, जागा आहे’ असा आग्रह करायचा नाही.