न्यू ऑर्लिन्स बघायचंय? आधी सेंट चार्ल्सची ट्राम पकडा

न्यू ऑर्लिन्सला जाणारी आपली बरीच मंडळी बोर्बन स्ट्रीट या बार-क्लबांच्या रस्त्याचा गोंगाट ऐकून परत येतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, अर्धा दिवस सेंट चार्ल्स लाइनच्या हिरव्या ट्रामसाठी ठेवा. आई-बाबा आमच्याकडे ह्यूस्टनला आले की मी त्यांना गाडीने तिथे नेतो, आणि दोघांनाही अख्ख्या शहरात ही ट्रामच सगळ्यात जास्त आवडते.

ही लाइन १८३५ पासून चालू आहे. आजचे डबे १९२३-२४ साली बांधलेले. लाकडी बाकं, पितळी मुठी, उघडणाऱ्या खिडक्या. एसी नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळीच निघा. कनाल स्ट्रीटच्या टोकाला चढलात तर खिडकी मिळते, पुढे बहुतेकदा उभंच राहावं लागतं. तिकीट १.२५ डॉलर, पण चालक सुट्टे परत देत नाही. मध्ये उतरून पुन्हा चढलात की आणि परतताना वेगळं तिकीट काढावं लागतं, म्हणून ३ डॉलरचा दिवसाचा पासच घ्या.

रूळ रस्त्याच्या मधल्या हिरवळीतून जातात. दोन्ही बाजूंना जुने ओक, आणि त्यांच्या फांद्यांत मार्डी ग्रा या इथल्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत भिरकावलेल्या रंगीत माळा वर्षभर लोंबत असतात. (त्या दिवसांत मिरवणुका याच रस्त्याने जातात आणि ट्राम तासन्‌तास बंद असते, हे आधी बघून ठेवा.) वॉशिंग्टन अव्हेन्यूला उतरून गार्डन डिस्ट्रिक्टमधले वाडे पायी बघा. मुळांनी फुटपाथ उचकटलेत, तेव्हा ज्येष्ठांना चपला नकोत, बूटच घाला.

शेवटच्या थांब्यावर डबा वळवत नाहीत. चालक ट्राम चालवायची मूठ काढून दुसऱ्या टोकाला जातो, वरच्या विजेच्या तारेला लागलेला एक दांडा उतरवतो, दुसरा चढवतो आणि बाकांच्या पाठी खाड्‌खाड् उलट्या फिरवतो. आईने त्याला विचारून दोन पाठी स्वतः फिरवल्या!

परत आल्यावर डिकेटर स्ट्रीटवरचं कॅफे द्यू मोंद गाठा. १८६२ पासूनचं. पिठीसाखरेत बुडालेली तीन गरम बेन्ये (तळलेल्या पिठाचे चौकोनी फुगे) आणि चिकोरीची (भाजलेल्या मुळाची पूड घातलेली) दुधाळ कॉफी; तळण सरकीच्या तेलातलं, चरबीतलं नाही. जेवताना मात्र शाकाहारी मंडळींनी जपून. रेड बीन्स अँड राइस दिसतो थेट राजमा-भातासारखा, पण त्यात बहुधा सॉसेज नाहीतर हॅम असतं. विचारल्याशिवाय मागवू नका.