ईयोबाच्या ग्रंथावरील व्याख्यानमाला : ऐकावी अशी, पण एका ठिकाणी अपुरी

हिब्रू शास्त्रातील ईयोबाच्या ग्रंथावरची ही ऑनलाइन व्याख्यानमाला मी शेवटपर्यंत ऐकली आणि ईश्वरी न्यायाचा प्रश्न ज्यांना छळतो त्यांनी ती जरूर ऐकावी, असे माझे मत आहे. ४२ अध्यायांच्या या ग्रंथाचा आरंभ व शेवट तेवढा गद्य कथेचा आहे: ईयोब या निर्दोष माणसाची संपत्ती आणि दहाही मुले एकाएकी जातात, आणि शेवटी त्याला पुन्हा वैभव मिळते. बहुतेक निरूपणे त्या कथेवरच थांबतात आणि ईयोबाला सहनशीलतेचा पुतळा करून टाकतात. येथे वक्त्यांनी सर्वाधिक वेळ मधल्या काव्यमय वादाला दिला आहे, आणि तेच मालेचे खरे बळ आहे.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र सात दिवस व सात रात्री ईयोबाजवळ मुकाट्याने बसतात, पण तोंड उघडताच ते देवाची वकिली करू लागतात. आठव्या अध्यायात तर बिल्दद ईयोबाच्या मेलेल्या मुलांच्याच माथी पाप मारतो. त्यावर, देव निर्दोष आणि दुष्ट या दोघांचाही नाश करतो, असे ईयोब नवव्या अध्यायात उघड बोलतो. अखेरीस देवाचा राग भडकतो तो मित्रांवर, कारण ते त्याच्याविषयी ईयोबाप्रमाणे यथार्थ बोलले नाहीत. हे तिन्ही उतारे वक्त्यांनी एकापुढे एक ठेवून इतके सावकाश उलगडले आहेत की तो भाग मी पुन्हा ऐकला. वावटळीतून येणाऱ्या देवाच्या उत्तरात ईयोबाच्या दुःखाचे कारण कोठेच सांगितलेले नाही, हेही ते आडपडदा न ठेवता मान्य करतात.

शेवटच्या अध्यायाबाबत मात्र माझी तक्रार आहे. ७,००० मेंढरांची १४,००० होतात, ३,००० उंटांचे ६,००० होतात, पण मुलगे पुन्हा सात आणि मुली तीनच. दगावलेली दहा मुले काही परत येत नाहीत. निरपराधांच्या दुःखाचा प्रश्न जेथे सर्वांत बोचतो, तेथूनच वक्ते घाईने पुढे सरकतात. बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायातील वचन ते नेमके समजावतात. मग यरुशलेमेच्या पाडावानंतर रस्त्यांवर भुकेने मूर्च्छित पडणाऱ्या तान्ह्यांसाठी आक्रोश करणारा विलापगीत या हिब्रू शास्त्रातील शोककाव्याचा दुसरा अध्याय का वगळला, ते कळत नाही.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. ऐकण्यापूर्वी निदान ३ ते ३१ हे अध्याय स्वतः वाचून घ्यावेत, कारण व्याख्यानांत मूळ पाठ अखंड वाचलेला नाही.