घरचं वॅक्स बाथ मशीन, आठ महिने वापरून (क्रोन्समुळे बोटं धरतात त्यांच्यासाठी)

आधी एक सांगते, हे मशीन घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ना ते जवळपास सगळे वयामुळे सांधे झिजलेल्या लोकांचे होते, आईसाठी घेतलं, आजीसाठी घेतलं, छान आहे, असे. माझं वय ३६ आणि माझ्या हातांचे एक्स-रे एकदम स्वच्छ. माझं दुखणं आतड्याच्या आजाराबरोबर आलेलं आहे, मला ११ वर्षं क्रोन्स आहे, आणि क्रोन्सवाल्या किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्या (दोन्ही आतड्याला सूज आणणारे आजार) माणसाने हे मशीन वापरून काय झालं हे कुणीच लिहिलेलं सापडलं नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहितेय. मोठं होणार आहे, पण ज्याला पाहिजे तो वाचेलच.

मशीन म्हणजे काय तर एक खोलगट डबा, आत पॅराफिनचं मेण वितळतं, त्यात हात बुडवून काढायचा, हातावर मेणाचा थर बसतो, परत बुडवायचा, असं सात-आठ वेळा, मग वर प्लास्टिकची पिशवी आणि टॉवेल गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बसायचं. फिजिओकडे गेलेल्यांना माहीत असेल, तिथे वॅक्स देतात तेच हे. मीही आधी तिकडेच जात होते, पण त्यांची वेळ सकाळी अकराची आणि माझी बोटं आखडतात सकाळी सहाला, अकरापर्यंत ती निम्मी सुटलेली असायची, मग उपयोग काय.

मी शिवणकाम करते. कात्री दिवसभर हातात. क्रोन्समध्ये सांधे दुखतात हे मला पहिली पाच वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं कामामुळे दुखतंय. मग एक दिवस अंगठी निघेना, मधलं बोट बुडापासून टोकापर्यंत सुजलेलं, मूठ अर्धीच वळायची, तेव्हा गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांनी कागदावर रेघ मारून दोन रकाने काढून समजावलं. आतड्याच्या या आजारात हातापायाच्या सांध्यांचं दुखणं ढोबळमानाने दोन तऱ्हेचं असतं. पहिल्या प्रकारात पाचपेक्षा कमी सांधे, बहुतेक मोठे म्हणजे गुडघा, घोटा, एकदम सुजतात आणि साधारण आतड्याच्या फ्लेअरबरोबर, म्हणजे आजार उसळतो तेव्हा, येतात, आतडं शांत झालं की बऱ्याचदा काही आठवड्यांत तेही शांत होतात. दुसऱ्या प्रकारात पाच किंवा जास्त सांधे, बरेचसे छोटे, बोटांचे वगैरे, आणि हे आतड्याचं ऐकत नाहीत, रिपोर्ट छान असले तरी महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं दुखत राहतात. ही विभागणी ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडलेली आहे. कंबरेचं आणि पाठीच्या मणक्याचं दुखणं हा अजून वेगळाच भाग, ते रात्री पहाटे जास्त, पडून राहिलं की वाढतं आणि हालचाल केली की कमी होतं, तसं कुणाला होत असेल तर साधी कंबरदुखी म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

माझी बोटं दुसऱ्या प्रकारातली. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं, कारण तोपर्यंत पोट ठीक आणि हात दुखतायत हे मी घरी सांगायची तेव्हा ते कुणाला नीट पटायचं नाही, मलाही नाही.

आता मशीनकडे येते.

पहिल्यांदा मेण वितळायला जवळजवळ तीन तास लागले. मी सुरुवातीला रोज बंद करायची आणि सकाळी परत लावायची, त्यात पहाटे साडेतीनला उठावं लागायचं, ते शक्यच नव्हतं. मग एक टायमरवालं सॉकेट आणलं, पण माझ्या मशीनच्या पुस्तिकेत टायमर चालेल असं स्पष्ट लिहिलं होतं म्हणून, तुमच्याकडे तसं नसेल तर करू नका, गरम मेण आहे, आग लागू शकते. झाकण नेहमी लावून आणि लहान मुलं, मांजर यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

माझी सगळ्यात मोठी तक्रार डायलची. डायलवर नुसतं कमी, मध्यम, जास्त असं आहे, आकडा कुठेच नाही. हातांसाठी मेण साधारण ५२ ते ५४ डिग्री सेल्सियसला पाहिजे आणि माझं मशीन मध्यमवर ५८ च्या वर जायचं, हे मला वेगळा थर्मामीटर बुडवल्यावर कळलं, त्याआधी दोन दिवस मी नुसती चटका सहन करत होते आणि वाटायचं असंच असतं. हे आपल्यासारख्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे कारण आपल्यातले बरेच जण स्टिरॉइड घेऊन झालेले असतात, त्याने कातडी पातळ होते, जरा घासलं तरी निळं-जांभळं होतं, तिथे भाजलं तर भरायला वेळ लागतो. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की डायल कमीवर ठेवा. ठेवला, आता ५३ च्या आसपास राहतं, पण ज्याला थर्मामीटर सुचणार नाही त्याचं काय? आकडा दाखवणारं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या.

वापरायची पद्धत पुस्तिकेत चार ओळीत आहे, खरं मला फिजिओताईंनी शिकवलं. अंगठ्या काढायच्या, हात धुवून एकदम कोरडे करायचे, पाण्याचा थेंबही नको. बोटं फाकवून पहिली बुडी सगळ्यात खोल मारायची, मनगटाच्या वरपर्यंत, आणि पुढच्या सगळ्या बुड्या त्या रेषेच्या जरा खालीच थांबवायच्या, नाहीतर गरम मेण आतल्या थराखाली शिरतं आणि चटका बसतो. बोटं हलवायची नाहीत, मेणाला भेगा पडतात आणि तिथूनही आत जातं. तळाला हात टेकवायचा नाही.

आणि मग ती पंधरा मिनिटं. मी खोटं नाही सांगणार, पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं. हॉट वॉटर बॅगने एक बाजू गरम होते, मेणात प्रत्येक बोटाच्या चारी बाजूंनी, अगदी पेरापेरात ऊब जाते, आणि आतून जी सतत एक कळ असते ना ती हळूहळू विरते. मेण सोलून काढलं की हात मऊ, आणि मूठ, जी सकाळी उठल्यावर अर्धी वळत होती ती जवळजवळ पूर्ण.

पण हे किती टिकतं तर माझ्या बाबतीत तास, दीड तास. बस. म्हणून नुसतं मेण लावून हात मांडीवर ठेवून बसण्यात अर्थ नाही, त्या तासाभरात व्यायाम करून घ्यायचे. मूठ वळणं, बोटांचे फक्त वरचे दोन सांधे वाकवून हुक करणं, अंगठा एकेका बोटाला लावणं, मऊ स्पंज दाबणं. जे दिवस मी मेणानंतर व्यायाम केले त्या दिवशी दुपारीही कात्री धरता येते, नुसतं मेण केलं त्या दिवशी दहाला परत तेच. माझा हा आठ महिन्यांचा अनुभव वहीत लिहिलेला आहे, अंदाजाने बोलत नाहीये.

आता मी केलेली चूक, ही नीट वाचा. तिसऱ्या महिन्यात माझा उजवा गुडघा सुजला. लाल, हाताला गरम लागणारा. मेणाने बोटांना एवढं बरं वाटतंय तर गुडघ्यालाही वाटेल म्हणून मी ब्रशने गुडघ्यावर मेण लावलं, दोन दिवस. गुडघा अजून फुगला, तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. फिजिओताई म्हणाल्या, आखडलेल्या सांध्याला शेक आणि पेटलेल्या सांध्याला बर्फ, हे उलटं केलंस तू. मग कापडात गुंडाळून बर्फ, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, पाय उंच ठेवून. आणि आठच दिवसात पोट सुरू झालं, दिवसात नऊ-दहा वेळा, कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) वाढलेलं. म्हणजे गुडघा हा फ्लेअरच्या आधी आलेला निरोप होता, तो पहिल्या प्रकारातला. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मोठा सांधा सुजला की मी मशीनकडे नाही, फोनकडे जाते. आणि एकच सांधा लाल, गरम आणि त्याबरोबर ताप असेल आणि तुम्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत असाल तर त्याच दिवशी डॉक्टर, सांध्यात इन्फेक्शन असू शकतं.

जाता जाता, पोटरी दुखून सुजली तर तिला मशीन, मसाज काही लावू नका, आपल्या आजारात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ व्हायचा धोका जास्त असतो, लगेच दाखवा. डोळा लाल होऊन दुखत असेल आणि उजेड सहन होत नसेल तर डोळ्याचे डॉक्टर, तोही याच आजाराचा भाग असू शकतो.

पेनकिलरबद्दल लिहिणं या रिव्ह्यूचा भाग नाही असं कुणी म्हणेल पण माझ्यासाठी मशीन घ्यायचं कारणच ते होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या जातीच्या गोळ्या आतड्याला त्रास देऊ शकतात, काही जणांना त्याने फ्लेअर येतो. मला मागे मनगटासाठी एका दुकानातून अशीच गोळी दिली होती, मी आजाराचं सांगूनही, आणि पाच दिवसांनी मी ॲडमिट होते. गोळीमुळेच झालं का हे सिद्ध करता येत नाही, पण मी परत धाडस करणार नाही. डॉक्टर कधी कधी थोड्या दिवसांसाठी विचार करून देतात, ते वेगळं. पॅरासिटामॉल मला चालतं पण ते दुखणं कमी करतं, सूज नाही. म्हणजे रोजच्या ठणक्यासाठी गोळीशिवाय काहीतरी हवंच होतं.

खरी सूज औषधानेच उतरते, हे मशीन विकणारे सांगत नाहीत. मला आधी सल्फासालाझिन होतं. ते औषध स्वीडनच्या नॅना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंनी १९४० च्या आसपास पुढे आणलं, मुळात संधिवातासाठी, आणि मग लक्षात आलं की आतड्याच्या सुजेवरही चालतं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आतडं आणि सांधे जोडलेले आहेत हे ऐंशी वर्षांपूर्वी एका गोळीने दाखवलं होतं आणि मी पाच वर्षं कात्रीला दोष देत बसले. आता मला दर आठ आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅब देतात, सलाईनमधून. ते टीएनएफ नावाचं प्रथिन अडवतं, जे आतड्यातही सूज आणतं आणि सांध्यातही, त्यामुळे दोन्हीकडे फरक पडतो. सातव्या आठवड्यात मात्र बोटं परत धरायला लागतात, आणि मशीनची खरी किंमत मला त्याच आठवड्यात कळते. तो आठवडा आधी मी कामच घेत नव्हते, आता निम्मं घेते. एक लक्षात ठेवा, सलाईनची सुई हाताच्या पाठीवर लावली असेल तर ते छिद्र पूर्ण भरेपर्यंत तो हात मेणात घालायचा नाही. मी तीन दिवस थांबते. जखम, पुरळ, बधिरपणा असेल तरी नाही. आणि आपलं मेण दुसऱ्या कुणाला वापरू द्यायचं नाही, मी बहिणीलाही नाही म्हटलं, तिला वाईट वाटलं, पण इन्फेक्शन परवडणारं नाही.

बाकीच्या वस्तूंशी तुलना विचाराल तर, बिनबोटांचे दाबाचे ग्लोव्हज मी रात्री घालते, सकाळची सूज थोडी कमी वाटते, घट्ट झाले तर मुंग्या येतात, एक साइज मोठे घ्या. इलेक्ट्रिक हीटिंग पॅड कंबरेसाठी बरा, पण तो लावून झोपू नका, आणि पोटावर रोज शेकणाऱ्यांनी कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग आलेत का बघा, आले असतील तर शेक बंद करून दाखवा, माझ्या पोटावर अजून आहेत. गुडघ्याची नी कॅप बाहेर जाताना ठीक, दिवसभर घालू नये असं मला सांगितलंय कारण मांडीचा स्नायू ढिला पडतो. मनगटाचा स्प्लिंट मला शिवताना आडवा येतो, परत केला.

मशीनचे अजून दोन तोटे. जड आहे, वितळलेलं मेण भरलेलं असताना उचलायचा प्रश्नच नाही, आणि बोटं दुखणाऱ्या माणसाला रिकामं करून पुसणं हे मोठं काम आहे, माझ्याकडे ते दर दोन महिन्यांनी नवरा करतो. एकटं राहणाऱ्यांनी याचा विचार आधी करा. झाकणाची क्लिप तर एवढी कडक की सकाळी सहाला माझ्या बोटांनी उघडतच नाही, ज्या माणसासाठी वस्तू बनवली त्याच्याकडून एकदा उघडून तरी बघायची ना. मी क्लिप लावत नाही, झाकण नुसतं ठेवते आणि स्वयंपाकघराचं दार बंद करते.

५ पैकी ४. एक स्टार डायल आणि क्लिपचा. सकाळी उठल्यावर अर्धा तास, तासभर बोटं वळत नाहीत पण सांधे लाल, गरम नाहीत अशांनी आधी डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारून घ्या, आणि शक्य असेल तर चार-पाच वेळा फिजिओकडे वॅक्स घेऊन बघा, फरक पडला तरच मशीन. फक्त गुडघा, घोटा सुजणाऱ्यांना याचा उपयोग नाही. कुणाला व्यायाम कसे करायचे ते हवं असेल तर विचारा, मी सकाळी सात नंतर उत्तर देते, त्याआधी हात मेणात असतात.