केळीच्या मुळांसाठी घेतलेला मायक्रोस्कोप, वर्षभर वापरून

मागच्या मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीच्या लागवडीच्या वेळी घेतलेला स्टुडंट मायक्रोस्कोप आता वर्षभर वापरून झालाय, आणि हॉर्टिकल्चरची ज्युनियर पोरं सारखी विचारतात की घ्यावा का, कोणता घ्यावा, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

माझा मोनोक्युलर आहे, म्हणजे एका डोळ्याने बघायचा, 10 पट मोठं दाखवणारा आयपीस (डोळा लावायची लेन्स) आणि 4, 10, 40, 100 अशा चार लेन्स, खाली चार्जिंगवाला एलईडी. जळगावच्या एका दुकानातून 7,200 ला घेतला. आरशावाला स्वस्त मिळत होता पण आमच्याकडे चोपडा तालुक्यात शेतातल्या खोलीत लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे एलईडीच घ्या, हे पैसे वाया जात नाहीत.

मी का घेतला ते सांगतो. सॉईल मायक्रोबायोलॉजी मी पूर्ण पाठांतरावर काढली होती. नायट्रोसोमोनास हा जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट करतो, लिहून मार्क मिळाले, पण प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपमागे दहा-बारा जण, आपला नंबर येईपर्यंत स्लाइड वाळलेली. आणि ज्या मातीबद्दल लिहितोय ती घरच्या शेतात, रोज पायाखाली, तिच्यात काय राहतं ते एकदाही बघितलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटायचं.

सगळ्यात जास्त काम 40 च्या लेन्सने केलं, म्हणजे एकूण 400 पट. केळीची बारीक पांढरी मुळं धुवून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायची (हातमोजे आणि चष्मा घालूनच, हे अंगावर उडालं तर भाजतं), मग पाण्याने धुवून व्हाइट व्हिनेगरमध्ये 5 टक्के पेनाची शाई टाकून त्यात तीन मिनिटं उकळायची, नंतर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकलेल्या पाण्यात ठेवायची की जास्तीची शाई निघून जाते. माझी निळी शाई सगळी धुवून गेली, काळी टिकली. आणि मग मुळाच्या आत मायकोरायझा, म्हणजे मुळाशी जोडी करून राहणारी बुरशी, दिसली. पेशींच्या मधून जाणारे धागे, गोल फुगे म्हणजे व्हेसिकल, आणि एका पेशीत अगदी छोट्या झाडासारखं फांद्या फुटलेलं आर्बस्क्यूल. मी त्या दिवशी जेवायला उठलो नाही.

पण रंगलेलं सगळंच बुरशी नसतं, म्हणून सोबत मोहरीच्या मुळाची स्लाइड करा. मोहरी, कोबी या कुळात ही मायकोरायझा बनतच नाही, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवलं की डोळा तयार होतो. आपल्या काळ्या चुनखडीच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) पटकन अडकून बसतो, मुळाच्या लगतचा संपला की मूळ उपाशी, आणि ही बुरशी मुळाच्या पुढचा आणून देते. जमिनीत स्फुरद भरपूर असला तर झाड या बुरशीला फारशी आत घेत नाही. हे वाचलेलं होतं. पण आमच्या ड्रिपखालच्या मुळात कमी आणि बांधावरच्या गवताच्या मुळात ठासून भरलेली दिसली तेव्हा मी आबांना बोलावून दाखवलं. एका शेतावरून, त्यात झाडंही वेगळी, काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण डीएपी (स्फुरदाचं खत) टाकण्याआधी माती तपासून घेऊ हे आबा स्वतःहून म्हणाले.

दुसरा प्रयोग सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक किड्यांचा. चाळणीत टिश्यू पेपर, त्यावर मुळाजवळची माती, खाली ताटलीत माती भिजेल इतपतच पाणी, रात्रभर ठेवायचं, जिवंत सूत्रकृमी कागदातून खाली उतरतात. 10 च्या लेन्सवर वळवळताना दिसतात. आजीने डोळा लावला आणि म्हणाली, "हाई जित्तं शे का रे?" नंतर 40 वर तोंड बघायचं, दाभणासारखी सुई असेल तर बहुतेक मुळावरचा किंवा बुरशी खाणारा, सुई नसेल आणि तोंड नळीसारखं असेल तर जिवाणू खाणारा. हे दुसरे शत्रू नाहीत. जिवाणूत नत्र त्यांना लागतो त्यापेक्षा जास्त असतो, उरलेला ते अमोनियम म्हणून बाहेर टाकतात आणि तो पिकाला मिळतो. आमच्याकडे सूत्रकृमी म्हटलं की दाणेदार औषध एवढंच माहिती, आणि ते औषध सुई बघून मारत नाही. इकॉलॉजीच्या पेपरातली अन्नसाखळी मला त्या ताटलीत समजली.

आता 100 ची लेन्स, ही स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरतात. माझी पहिल्या दिवसापासून धुरकट होती, दुकानात दोन चकरा मारल्या तेव्हा बदलून मिळाली, आणि त्यातही मलाच ऐकवलं की तेल नीट लावलं नसेल. बदलल्यावर ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवायची पद्धत) जमलं, मुगाच्या मुळावरची गाठ आधी कापून बघितली, आतून गुलाबी म्हणजे लेगहिमोग्लोबिन हे रंगद्रव्य आहे, गाठ चालू आहे, म्हणजे नत्र बांधतेय, मग ती चिरडून काचेवर पातळ पसरून स्मिअर केला, सॅफ्रानिनच्या रंगाने गाठीतले रायझोबियम जिवाणू गुलाबी दिसले. छान वाटलं. पण खरं सांगतो, नुसत्या स्लाइडवर कोणता जिवाणू आहे ते ओळखता येत नाही, त्यासाठी जिवाणू वाढवायचं मीडिया, कल्चर, लॅब लागतेच. म्हणून 100 साठी जास्तीचे पैसे घालू नका, 40 ची लेन्स चांगली बघून घ्या.

घेताना दुकानातच कांद्याचा पापुद्रा ठेवून बघा. 10 वर फोकस करून 40 फिरवली की बारीक नॉबच्या जरा फिरवण्याने चित्र यायला पाहिजे. फोकस करून दोन मिनिटं हात काढा, स्टेज आपोआप खाली सरकत असेल तर तो पीस घेऊ नका. 4 च्या लेन्सखाली प्लॅस्टिकची पट्टी ठेवून किती मिलिमीटर दिसतात ते मोजून वहीत लिहा, माझ्यात साडेचार दिसतात, म्हणजे 40 वर त्याचा दहावा भाग, 0.45 मिलिमीटर, त्यावरून सूत्रकृमीची लांबी काढता येते.

तेल लावलेली लेन्स लेन्स पेपरनेच पुसा, रुमालाने नाही. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढते, मी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. आणि बिल घ्या, माझी लेन्स बदलून मिळाली ती बिल होतं म्हणूनच.